पळसाच्या हातातलं घड्याळ

बोलताना माझा डावा हात हलत राहतो. ते आधी पाहून घ्या, हसून घ्या, आन् मग ऐका. पांढुर्ण्यात सगळेच हसतात. स्टेशनसमोरचा चहावाला म्हणतो, दादाजीले म्हातारपणी पंखा लागला. लागला तर लागला. तुम्हाला वारा येतो ना? मग गप बसा.

तर त्या दिवशी मी एक पोतं घेऊन सौंसरच्या बसमध्ये चढलो. पोत्यात पळसाची पानं होती, देठासकट. रामाकोन्याच्या अमितानं फोन केला होता, "काका, येताना पळस घेऊन या. इकडं बगिच्यात सारी संत्र्याचीच झाडं." काम एवढंच. पण कंडक्टरनं पोत्याला पाय लावून विचारलं, "यात काय आहे जी?" आता असा प्रश्न मला विचारायचा असतो का?

"माणूस आहे," मी म्हटलं. "अर्धं तिकीट लावा. वजनानं हलका आहे."

बस हसली. एक म्हातारी तेवढी हसली नाही. तिनं पोत्यातून डोकावणारा देठ पाहिला आन् पाय आखडून घेतले. तिला कळलं होतं की मी खोटं बोललो नाही.

आमच्याकडं माणूस हरवला, बारा वर्षं वाट पाहूनही परतला नाही, तर मग पळसाचा माणूस करतात. पानांचं अंग, देठांचे हातपाय, नारळाचं डोकं. त्याला हरवलेल्याच्या नावानं हाक मारायची आन् मग अग्नी द्यायचा. घरचे रडतात आन् मोकळे होतात. माझ्या पोत्यात गजेंद्र होता. माझ्या दोस्ताचा, यशवंतराव मास्तरांचा एकुलता एक मुलगा. अमिता त्याची बायको.

आता मास्तरांचं सांगतो. सौंसरच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. मी चौथीतून पळालेला, पांढुर्ण्यात सायकलीचे पंक्चर काढणारा. तरी आमची गट्टी जमली, कारण त्यांच्यावर हसायला मिळायचं. त्यांना एक नाद होता. घड्याळं जमवायचे. बरं, साधी नाही. चावीची, काट्याची, आन् तीही फक्त आकाशाशी सोयरीक असलेली. पहिला रशियन माणूस वर गेला तेव्हा त्याच्या हातात ज्या जातीचं होतं, त्या जातीचं एक. चंद्रावर गेलं त्याच्या कुळातलं एक, पण त्याचं नुसतं डबडं, आत यंत्रच नाही. काचेच्या कपाटात ओळीनं मांडलेली. रोज सकाळी आंघोळ करून मास्तर एकेकाला चावी द्यायचे, जशी लोक देवाला फुलं वाहतात.

मी एकदा गावात उठवून दिलं की मास्तरांच्या कपाटात चंद्रावरची माती आहे. ग्रहणाच्या दिवशी बाया हळद-कुंकू घेऊन दारात. मास्तर मला मारायला धावले, मग पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

सगळ्यात लाडकं होतं एक जपानी घड्याळ, पिवळ्या तबकडीचं. त्याची गोष्ट मला फार आवडायची. कोण्या अमेरिकन गड्यानं सरकारनं दिलेलं घड्याळ घेतलंच, पण हे आपलं पिवळं हळूच सोबत नेलं, कोणाला न विचारता. माझ्यासारखाच असन तो! मास्तरांचं काही वर गेलेलं नव्हतं, पण त्याचा सख्खा भाऊ.

"याले चावीच नाही," मास्तर सांगायचे. "आत एक लोलक आहे. हात हलला की तो फिरते, आन् घड्याळ चालते. काढून ठेवलं की दीड दिवसात बंद."

"मग वर कसं चाललं? तिथं तर वजनच नाही म्हणता."

"लोकायलेही तेच वाटे. पण वजन लागत नाही, दादाजी. हात लागते."

गजेंद्रच्या लग्नात मास्तरांनी ते घड्याळ त्याच्या मनगटावर बांधलं. धिप्पाड पोरगा. पट्ट्याच्या पहिल्याच छिद्रात बसलं. चार वर्षांनी श्रावणात कन्हानला पूर आला. रामाकोन्याच्या अलीकडच्या रपट्यावरून, त्या बुटक्या पुलावरून, पाणी जात होतं, लोक थांबले होते. गजेंद्र थांबला नाही. मोटारसायकल सापडली. तो नाही. घड्याळही नाही.

---

मी पोतं खांद्यावर घेऊन बगिच्यातल्या घरी पोचलो तेव्हा भर दुपार होती. दारात मांडव नाही, माणसं नाहीत. अमिता ओट्यावर बसली होती. पोतं पाहून उठली, पण घ्यायला पुढं आली नाही.

"मास्तर कुठं आहे?"

"मामाजी नदीत आहे."

"मे महिन्यात नदीत? पाणी तर नाही."

"खोदून राहिले," ती म्हणाली. आवाज असा, जसा रडून संपल्यावर राहतो. "काका, तुमी आणा त्यायले. माह्यं ऐकत नाही. दोन घासही पोटात नाही."

कन्हानचं पात्र उन्हात पांढरं पडलं होतं. वाऱ्याचा आवाज नाही, पाखराचा नाही. फक्त खर्र... खर्र... वाळू उपसल्याचा. नदीत टरबुजाची वाडी लावणारा देवीदास एका बाजूला डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन उभा होता. आन् मास्तर गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी वाळू उकरत होते. नखांतून रक्त.

"या दादाजी," देवीदास हळूच म्हणाला. "तुमचीच गंमत दिसते ही."

"कोणती गंमत?"

त्यानं सांगितलं. टरबुजाला पाणी द्यायला खड्डा खोदताना हाताला काहीतरी लागलं. घड्याळ. पिवळ्या तबकडीचं. ते त्यानं मास्तरांना नेऊन दिलं. बिचाऱ्याला वाटलं, क्रियाकर्म आहे, पोराची आठवण होईल.

"मंग त्यात काय?" मी म्हटलं.

"चालू होतं न ते," देवीदास म्हणाला.

मास्तरांनी वळून पाहिलं. त्यांनी कमरेतून घड्याळ काढून माझ्या कानाला लावलं. वाळूत तापलेलं असायला हवं होतं. बर्फासारखं गार होतं. टिक टिक टिक टिक, बारीक, घाईचं, दम लागलेल्या माणसासारखं.

"दादाजी," मास्तर म्हणाले. ओठ फुटले होते. "याले चावी नाही. तुले माहीत आहे न?"

"माहीत आहे."

"मंग हात हलून राहिला न त्याचा. खाली. तो तिथं खाली... हात हलवून राहिला."

"मास्तर, तुमी विज्ञान शिकवलं पोट्ट्यायले..."

"म्हणूनच म्हणतो!" ते ओरडले. मग माझी कॉलर धरली आन् एकदम हळू झाले. "तू केलं असशीन तर आत्ता सांग. नागपुराहून दुसरं आणून पुरलं असशीन. मी राग नाही करणार. तुह्या पाया पडतो, सांग."

आता पाहा. जन्मभर लोकांना टोप्या घातल्या. पण ही माझी नव्हती. आन् त्या पांढऱ्या वाळूत, त्याचे ते डोळे पाहून, माझ्या तोंडून खरं निघालं.

"मी नाही केलं मास्तर. पोरायची आण."

त्यांचा चेहरा उजळला. असा उजेड मी माणसाच्या चेहऱ्यावर पुन्हा पाहू नये. त्यांनी माझी कॉलर सोडली आन् परत खोदायला लागले, आधीपेक्षा जोरात.

---

संध्याकाळी मी आन् देवीदासनं त्यांना उचलूनच घरी आणलं. अंग चुलीसारखं तापलं होतं. सौंसरहून डॉक्टर आला, सलाईनची बाटली लावली. म्हणाला, पुन्हा एक दिवस उन्हात गेले तर मला बोलवू नका. मास्तर बाटली लावलेल्या हातानं दार दाखवत होते. "बारा वर्षं दम धरला त्यानं. आपण दोन दिवस नाही धरत."

क्रियाकर्म करणाऱ्या महाराजांनी दिलेला मुहूर्त दोन दिवस पुढं ढकलला. मी मनात म्हटलं, यंत्र आहे. यंत्राला धक्का लागला असन, म्हणून चालून राहिलं. स्वस्थ ठेवलं की बंद पडन, आन् मास्तरही थंड होतील. मास्तर गुंगीत असताना घड्याळ घेतलं. अमितासमोर तांदळाच्या कोठीत खोल दाबलं, झाकण लावलं, वर जातं ठेवलं. हो, जातं. मला माझ्यासारख्यांची खोड माहीत आहे. आन् मी तिथंच खाट टाकली. हात लावला नाही. अमितानंही नाही.

ठेवताना पट्टा पाहून घेतला होता. बारा वर्षं वाळूत राहूनही चामडं मऊ, कालच तेल लावल्यासारखं. बक्कल लागलेलंच होतं. पण पहिल्या छिद्रात नाही. मधल्या.

दीड दिवस गेला, त्यावर अजून एक वेळ गेली. दुपारी वीज गेली. कूलर थांबला आन् घर असं चूप झालं की स्वतःचं रक्त ऐकू यावं. अमिता चौकटीत उभी होती.

"काका... ऐकून राहिले?"

ऐकत होतो. जात्याखालून. तांदळातून.

जातं सरकवलं. झाकण काढताच वास आला, पुराच्या पाण्याचा, सडल्या गवताचा. तांदूळ ओले होते. हात घातला तर मुठीत तांदूळ कमी आन् वाळू जास्त. घड्याळ चालत होतं. वेळ बरोबर. आन् बक्कल शेवटच्या छिद्रात.

अमितानं पट्ट्यावरून बोट फिरवलं. तिला ते मनगट माहीत होतं. लग्नात बांगड्या भरून तिनं त्याच मनगटावर हात ठेवला होता.

"ते बारीक होऊन राहिले," ती म्हणाली. "उपाशी आहे का हो काका ते...?"

मी पट्ट्यावरची वाळू झटकायला लागलो.

तेवढ्यात मागून आवाज झाला. मास्तर. बाटलीची सुई ओढून काढलेली, हातातून रक्त गळत होतं, अंगणातून नदीकडं चालले होते. दोन पावलं चालायचे आन् पडायचे. उठायचे. पडायचे. शेवटी रांगायला लागले.

अमिता धावली नाही. तिनं माझे दोन्ही हात धरले.

"काका, तुमीच केलं न हे?"

"नाही गं पोरी. हे तू पाहिलं न आत्ता डोळ्यानं..."

"तुमीच केलं," ती म्हणाली. आता ती विचारत नव्हती. "तुमीच केलं असं म्हणा. ते तर गेले. मले माहीत आहे, बायको आहे मी. जिथं आहे तिथं त्यायचं काय चाललं ते देव पाहील. पण हे बी मरून राहिले माह्यासमोर. जन्मभर खोटं बोलले न तुमी? एक डाव माह्यासाठी बोला."

मी गेलो. अंगणात मास्तरांच्या समोर उकिडवा बसलो आन् हसलो. मोठ्यानं. आयुष्यात एवढं अवघड हसलो नाही.

"कसं फसवलं मास्तर! अहो, नागपुराहून आणलं दुसरं. देवीदासच्या वाडीत मीच पुरलं. रोज हलवतो गुपचूप. तुमी मास्तर, आन् एवढं कळलं नाही?"

मास्तर माझ्याकडं पाहत राहिले. ते हसतील असं मला वाटलं, पायरीवर बसून हसले होते तसे. त्यांनी थोबाडीत मारली. मग दुसरी. मग माझ्या छातीवर डोकं ठेवून असे रडले की बगिच्यातली वटवाघळं उठली. "मेला न रे माह्या गज्या... मेला न..."

"मेला," मी म्हटलं.

---

पळसाचा माणूस मीच बांधला. दुसऱ्या दिवशी सकाळी, नदीच्या काठावर. महाराज मंत्र म्हणत होते, मी देठ जुळवत होतो. मास्तरांनी गजेंद्रच्या नावानं हाक मारली, एकदाच, वर्गात हजेरी घेतात तशी. अमितानं नारळाच्या कपाळाला हळद लावली.

"ते बी बांध," मास्तर माझ्याकडं न पाहता म्हणाले. "तुह्यं खोटं घड्याळ. जळू दे."

मी पळसाच्या डाव्या मनगटाला घड्याळ बांधलं. शेवटच्या छिद्रात लावलं तरी सैल पडत होतं. म्हणून सुई घेऊन पुढं नवीन छिद्र पाडायला गेलो. तर तिथं होतंच. ताजं. आतल्या बाजूनं टोचलेलं.

मी गुपचूप बक्कल लावलं. देठांचा हात खाली ठेवला. ठेवताना तो थोडा जड लागला, पण वाळूवर वाकून बांधत होतो, तसं वाटलं असन. मास्तरांनी अग्नी दिला. ओला पळस जळायला वेळ घेतो, धूर फार. धुरातून टिकटिक येत होती का, हे मला विचारू नका. मी मोठ्यानं खोकत होतो.

राख सावडताना नारळाची करवंटी सापडली. घड्याळ नाही. लोखंड जळत नाही, हे चौथीतून पळालेल्यालाही कळतं. देवीदासनं चाळणीनं राख चाळली, खालची वाळू चाळली. काहीच नाही. मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळल्या.

"काढून घेतलं न दादाजी?" देवीदास म्हणाला. "जळत्या सरणातून बी? नमस्कार आहे तुमाले!"

मास्तर पाहत होते. तीन-चार दिवसांनी त्यांनी त्या सकाळी पहिल्यांदा अर्धी भाकर खाल्ली होती. त्यांच्या डोळ्यांत परत तो उजेड, तो तसला, अगदी बारीकसा, पेटायला लागला होता.

"होय न," मी म्हटलं. "काढलं. महाग आहे ते. जाळायले मी काही येडा नाही."

उजेड विझला. मास्तरांनी मान फिरवली.

"मंग ठेव तुह्यापाशी," ते म्हणाले. "तुह्यंच आहे. मले दाखवू नको."

---

मास्तर आता बरे आहेत. बगिच्याला पाणी दिलं, संत्र्याला फुलं आली. कपाटातल्या घड्याळांना अमिताची मुलगी दिपाली चावी देते. माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत, मग फोन केला. "दादाजी, तुह्यं ते घड्याळ बंद पडलं असन न आता?"

"कवाचंच," मी म्हटलं. पलीकडून सुटल्यासारखा श्वास आला.

माझ्याजवळ ते घड्याळ नाही. जन्मात मी घड्याळ घातलं नाही. पण रामाकोन्याहून आलो त्याच दुपारी झोपेतून उठलो, तर डावं मनगट गार. चादरीत ओली वाळू. कातडीवर बक्कलचा वळ. कान लावला तर ऐकू येत होतं. टिक टिक टिक टिक.

हात स्वस्थ ठेवला की ते मंद होत जातं. मला वाटलं, बंद पडू द्यावं. धरून बसलो मांडीवर. मंद झालं... अजून मंद... आन् थांबणार, तेवढ्यात कोणीतरी माझं मनगट धरलं आन् हलवलं. जोरात नाही. झोपलेल्या घरच्या माणसाला उठवावं तसं.

तेव्हा ती बोटं पळसाच्या देठासारखी होती, बारीक, कोरडी. आता नाहीत. आता भरून आली आहेत. ऊबही लागते. धिप्पाड माणसाचा हात आहे. माझं मनगट मात्र पाहा, कसं काडी झालं.

परवा तो पहिल्यांदा बोलला. कानाजवळ, तोंडात वाळू असल्यासारखा.

"काका... बाबा जेवले?"

"जेवले रे बाबा," मी म्हटलं. काय म्हणणार? "मस्त जेवले. तू जा आता."

त्यानं मनगट सोडलं नाही.

रामाकोन्याला फोन लावायला घेतो आन् ठेवून देतो. काय सांगू मास्तरांना? ज्या गोष्टीसाठी त्यांनी नखं तोडून घेतली, ती माझ्या घरी आहे म्हणून? सांगितलं तर ते येतील. रांगत येतील. आन् नाही सांगितलं तर मी एका बापाला... जाऊ द्या. कोणी मानणारही नाही. दादाजीची गंमत, म्हणतील.

तुम्हीही हसलेच होते ना मघाशी, माझा हात पाहून? मी हात कवाचाच ढिला सोडून दिला आहे. बोलायला सुरुवात केली, तेव्हापासून.